कपाटाच्या दारावरची आई

“माझ्या बहिणीला गंजक्या पत्र्यात खिळे मारून बसवलंत, जावई! आणि वर तिचं तोंड भिंतीकडे! काय पाप केलं होतं तिनं?”

मायनिनी, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, आमच्या मागच्या अंगणात आंब्याखाली उभी राहून ओरडत होती. डोक्यावर रताळ्यांची पाटी तशीच. खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं. बाबा तिच्यासमोर गुडघ्यावर बसलेले, एका हातात पक्कड, दुसऱ्यात वाकडी तार.

आमच्यात मेहुणी म्हणजे थट्टेतली बायको. आजवर मायनिनी फाटकातूनच ओरडत यायची, “कुठंय माझा म्हातारा नवरा? जेवला का?” आणि बाबा आतून म्हणायचे, “तू रांधलंस तर जेवेल.” त्या शनिवारी ती पहिल्यांदाच मागच्या अंगणात आली आणि तिनं ‘जावई’ म्हटलं, तेव्हाच मला कळलं की आज थट्टा नाही.

“गंज नाही तो,” बाबा हळूच म्हणाले. “रंग आहे. तिच्या दंडाचा रंग तसाच होता. पत्रा किती पावसाळे खातो त्यावर असतं. हा तीन पावसाळ्यांचा आहे.”

“माझी बहीण पत्रा होती का?”

“नाही.”

“मग?”

बाबा गप्प. मला ते गप्प बसले की काही सहन होत नाही. मी म्हणालो, “मायनिनी, आधी ती पाटी उतरव, मान मोडेल तुझी.”

“तू तोंड बंद ठेव, लर्नमोर! शाळा सोडलीस आणि तोंड तेवढं शिकलं तुझं.”

लर्नमोर हे माझं नाव. म्हणजे, अजून शीक. आमच्याकडे अशी नावं ठेवतात आणि मग जन्मभर पोरांना टोचतात. नववीत मास्तरांनी माझ्या डोक्यात डस्टर मारलं, मी ते परत मारलं, आणि माझं शिकणं तिथं संपलं. आता जो भेटेल तो मला नावावरून टोमणा मारतो. सवय झालीय. खरं तर नाही झाली.

मायनिनी बोर्डाजवळ गेली. बोर्ड म्हणजे एका जुन्या कपाटाचं दार, माझ्याएवढं उंच. त्यावर आई होती. पाठमोरी. फक्त या वेळी मान थोडीशी वळलेली, कोणीतरी मागून हाक मारल्यासारखी. मायनिनीनं बोट पुढं केलं आणि आईच्या डोक्यावरून फिरवलं, आणि ते मध्येच थांबलं.

“हे कुठून आलं?”

मला दरदरून घाम फुटला.

का ते सांगतो, पण त्यासाठी जरा मागं जावं लागेल.

बाबांनी तीस वर्षं हरारेशेजारच्या चितुंग्विझात पाण्याचे मीटर वाचले. फाटकाशी जायचं, वाकायचं, झाकण उघडायचं, आकडा लिहायचा, पुढचं फाटक. त्यामुळे त्यांची नजर कायम जमिनीवर. आई म्हणायची, “तुझ्या बापाला रस्त्यात मी भेटले तरी तो माझ्या चपलांना ओळख दाखवेल.” बाबा निवृत्त झाले आणि त्याच वर्षी आई गेली. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेली, चालत गेली, आणि आलीच नाही.

आमच्यात बाई गेली की तिचं सगळं तिच्या माहेरचं. भांडी, कपडे, सुया, चमचे, बादली. नवऱ्यानं त्यातलं काही ठेवायचं नाही. ठेवलं तर गेलेली बाई स्वस्थ बसत नाही, आणि मेलेल्या आईच्या रागाला आमच्याकडे जेवढं घाबरतात तेवढं कशालाच घाबरत नाहीत. वाटणी चालू असते तेव्हा नवरा आत नसतो. बाबाही नव्हते. फाटकाजवळच्या दगडावर बसले होते, पाहुण्यासारखे. आत काय कोणाला मिळालं ते त्यांना दिसतही नव्हतं. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात फक्त भिंतीवरचे खिळे उरले.

दुसऱ्या दिवशी बाबा चालायला गेले आणि येताना एका कपाचा तुटका कान घेऊन आले. निळा.

“कशाला आणला?” मी विचारलं.

“तिच्या कपासारखा आहे.”

आईचा कप हिरवा होता. मी काही बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

मग रोजच सुरू झालं. खिसे भरून यायचे. तुटक्या चेनचे दात, कंगव्याचे तुकडे, टायरच्या चपलांचे पट्टे, जुन्या रेडिओचा भोंगा, संगणकाची बटणं, खरवडलेली रिचार्ज कार्डं, मीटरच्या फुटक्या काचा. गल्लीतली पोरं त्यांना कचराबाबा म्हणायला लागली. मी दोघांना धरून बडवलं, तर उरलेली अजून जोरात म्हणायला लागली. बाबा एकसष्ट वर्षांचे होते आणि त्याआधी त्यांनी कधी साधी सायकलसुद्धा दुरुस्त केली नव्हती. पक्कड उलटी धरायचे. पहिले तीन महिने नुसती बोटं फोडून घेतली.

एका सकाळी मी मागं गेलो तर आंब्याला एक फळी टेकून ठेवलेली. तिच्यावर नळाच्या रांगेत उभी असलेली एक बाई, हातात बादली. पत्र्याची, तारेची, बटणांची. पाठ आमच्याकडं. तिला तोंड नव्हतं तरी मानेवरून मी ओळखली. आई मान अशी जराशी पुढं काढायची, रांग सरकते का बघायला. आणि मी भडकलो.

“लोक हसतील आपल्याला!”

“हसू देत.”

“आणि तोंड कुठंय तिचं?”

“दिसत नाही मला,” बाबा म्हणाले.

“फोटो आहे ना घरात!”

“फोटोत ती फोटोसाठी बसलीय.”

अशा आठ फळ्या झाल्या. कपडे वाळत घालणारी, चुलीवर मक्याच्या पिठाचा साड्झा घोटणारी, बाळाला पाठीवर बांधून चालणारी, ते बाळ मीच. सगळ्या पाठमोऱ्या. हरारेहून एक बाई फोटो काढायला आली होती. ती बाबांना म्हणाली, तुम्ही कलाकार आहात. बाबा म्हणाले, “नाही बाई, मी मीटरवाला.” पण ती गेल्यावर त्यांनी शर्ट बदलला आणि दिवसभर तो चांगला शर्ट घालूनच काम केलं. मी बघितलं. मी सगळं बघतो.

नववी फळी म्हणजे हे कपाटाचं दार. त्याच्यावर काम सुरू झालं आणि बाबा वेगळेच झाले. पहाटे उठायला लागले. जेवताना घास हातात धरून अंगणाकडं बघत बसायचे. मी जवळ जाऊन पाहिलं तर दारावरच्या बाईचा डावा खांदा मागं आलेला.

“ही वळतेय,” मी म्हणालो.

“बघू,” बाबा म्हणाले. “वळली तर.”

मग मलाही झोप लागेना. खोटं कशाला बोलू, मलाही ती वळायला हवी होती. बाबांना डोक्यासाठी निळं कापड हवं होतं. त्यांनी सगळा कचरा पालथा घातला, मनासारखं मिळेना. आणि माझ्या गादीखाली होतं.

आईचा डोईचा रुमाल. निळा, कडेला पिवळी वेल. पुरल्यानंतर आईचे सगळे कपडे धुऊन वाटणीसाठी दोरीवर टाकले होते, तेव्हा मी तो ओढून शाळेच्या पिशवीत कोंबला होता. पंधरा वर्षांचा होतो. विचार वगैरे काही केला नाही. सगळे चुलीजवळ होते, कोणाचं लक्ष नव्हतं, आणि मला तो हवा होता. धुतला होता तरी तिचा वास होता. दोन वर्षांत तो वास गेला, पण मी रुमाल ठेवला.

तो मी बाबांना नेऊन दिला.

“हा तुझ्या वाट्याला आला होता?” त्यांनी विचारलं. ते तर बाहेर बसले होते. त्यांना काय माहीत.

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी रुमाल बराच वेळ हातात धरला. मग कात्री घेतली आणि मधोमध कापला. अर्धा मला परत दिला. “तुझ्या वाट्याचा सगळा कसा घेऊ?” म्हणाले. अर्धा आईच्या डोक्यावर गेला.

आणि आता मायनिनीचं बोट त्यावर होतं.

“हा रुमाल अंबुयांचा आहे,” ती म्हणाली. अंबुया म्हणजे आमची आजी, आईची आई. आवाज एकदम खाली आला होता तिचा. “लग्नात अंबुयांनी स्वतःच्या डोक्यावरून काढून हिच्या डोक्यावर बांधला होता. वाटणीला तो सापडेना. दोन वर्षं म्हातारी विचारतेय मला. कुठं गेला, कुठं गेला. मी काय सांगितलं माहितीये? माय पनाशेनं ढापला असेल. तिच्या तोंडावर चोर म्हणाले मी तिला! दोन वर्षं बोलत नाही आम्ही!”

माय पनाशे म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. तिचा काही संबंध नव्हता.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. पापणी लवते तेवढंच. मग पक्कड खाली ठेवली.

“मी ठेवला,” ते म्हणाले.

“तुम्ही?”

“मी.”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्यातून निघालं ते भलतंच. “मग काय झालं? एक रुमाल! सगळं घर धुऊन नेलंत तुम्ही, भिंतीवर खिळे तेवढे सोडलेत! एका रुमालानं काय भीक लागली तुम्हाला?”

मायनिनीनं डोक्यावरची पाटी उतरवली. हळूच, एक रताळं पडू न देता. अशी शांत ती कधी नसते. “उद्या माझा भाऊ येईल,” ती बाबांना म्हणाली. “तोवर त्या दाराला हात लावू नका.” आणि गेली. पाटी तिथंच राहिली.

मी बाबांच्या समोर जाऊन बसलो. “का खोटं बोललात?”

“तू का बोललास?”

मी समोर पडलेली वाकडी तार सरळ करत बसलो.

“ते फळी फोडायला लावतील,” मी म्हणालो.

“लावतील.”

“मग सांगा ना त्यांना, पोरानं चोरला म्हणून! मारतील मला, मारू देत.”

“तुझ्या आईकडून चोरलंस असं म्हणतील,” बाबा म्हणाले. “ते तुझ्या अंगाला जन्मभर चिकटेल. माझं काय, मी म्हातारा. जावई तसाही माहेरच्यांपुढं कायम चोरच असतो.”

मग त्यांनी एक रताळं उचललं, शर्टाला पुसलं आणि ते न खाता नुसतं हातात फिरवत बसले. आणि आपणहून बोलायला लागले. बाबा आपणहून बोलत नाहीत.

“पुरण्याच्या आदल्या दिवशी माय पनाशेनं तिची नक्कल केली. आठवतं?”

आठवतं ना. आमच्यात सुनांचं ते कामच आहे. गेलेल्या माणसाचे कपडे घालून त्याच्यासारखं चालायचं, बोलायचं, लोकांना हसवायचं. माय पनाशेनं आईचा झगा घातला होता, तो रुमाल बांधला होता, आणि चुलीसमोर कमरेवर हात ठेवून आईच्या आवाजात मला शिव्या घातल्या होत्या. सगळे रडता रडता हसत होते.

“मी दारातून आत आलो,” बाबा म्हणाले. “ती चुलीकडं तोंड करून उभी. तीस वर्षं मी सकाळी निघायचो तेव्हा ती तशीच उभी असायची. मला वाटलं...” ते थांबले. “मी तिला हाक मारली. नावानं. आणि ती वळली. आणि दुसरंच तोंड.”

मी जमिनीकडं बघत राहिलो.

“त्या दिवसापासून मी आठवायला गेलो की ती वळते आणि माय पनाशे होते. म्हणून पाठमोरी. या वेळी वाटत होतं की रुमाल खरा आहे, मान खरी आहे, मागून हळूहळू केलं तर येईल. अजून आठवडाभरात आली असती.”

मी उठून निघून गेलो. रात्रभर लाथा मारत पडलो होतो गादीवर.

रविवारी दुपारी ते आले. मायनिनी, मोठे मामा आणि मध्ये पडायला आमचा साहविरा, म्हातारा माटोपे. साहविरा म्हणजे घराण्याचा ठरलेला मित्र. आमच्या माणसांना तोच पुरतो, आमच्या भांडणात तोच पडतो, आणि आमच्यातल्या कोणालाही काहीही बोलायचा त्याला हक्क आहे. रागवायचं नाही. मला ते जमत नाही, पण नियम नियम आहे.

बाबा चटईवरसुद्धा बसले नाहीत. सासरच्यांसमोर जमिनीवर बसले आणि पोकळ हातांनी सावकाश टाळ्या वाजवून त्यांना वंदन केलं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस. मला बघवेना.

माटोपेनं अंगणभर नजर फिरवली. आठ फळ्या, पिंप, तारा, पत्रे. “देवा रे,” तो म्हणाला, “मला वाटलं माझा मित्र बायकोसाठी झुरतोय. हा तर भंगाराचं दुकान काढतोय! अरे मीटरवाल्या, एक बायको सांभाळता आली नाही, नऊ केल्यास?”

मामांच्या ओठांचा कोपरा हलला. मायनिनीचा नाही.

“आणि एकही वळून बघत नाही तुझ्याकडं,” माटोपे म्हणाला. “बरोबरच आहे. मीही नसतं बघितलं. तोंड धुतलंस का आज?”

“धुतलं,” बाबा म्हणाले.

“पाण्यानं?”

“साहविरा, पुरे,” मामा म्हणाले. मामा शांत माणूस आहे. शिक्षक आहे, त्यामुळे मी त्याच्या फार जवळ जात नाही. “जावई, तुम्ही चांगले वागलात आमच्याशी. बहिणीला कधी हात लावला नाही, उपाशी ठेवलं नाही. पण माहेरची वस्तू लपवली आणि वर कापली. हे आम्ही अंबुयांना कसं सांगू? तो तुकडा दारावरून काढा. आत्ता, आमच्यासमोर. मग बाकीचं बोलू.”

“तो काढला तर सगळं डोकं सुटेल,” मी म्हणालो. “तारा त्याच्यातूनच ओवल्यात.”

“तुला विचारलं नाही.”

बाबा उठले. पक्कड घेतली. दारापाशी जाऊन मानेजवळची पहिली तार धरली. तार सुटली आणि रुमालाची कड खाली लोंबली, आणि आईची मान, जी दोन महिने हळूहळू वळत होती, ती एकदम नुसता पत्रा झाली.

“मी चोरला!” मी ओरडलो. “मी! दोरीवरून! बाबांना माहीतसुद्धा नव्हतं, मी त्यांना सांगितलं माझ्या वाट्याला आला म्हणून! आता हवं तर मारा, पण त्यांना ती तार सोडायला लावू नका!”

मग मायनिनी उठली आणि फाडकन कानाखाली दिली. दुसरी द्यायला हात उचलला आणि तसाच ठेवला.

“अर्धा कुठंय?”

मी आत जाऊन गादीखालून उरलेला अर्धा आणला. तिनं तो घेतला, नाकाला लावला. काही वास येत नव्हता, मला माहीत होतं. तरी तिनं खूप वेळ लावून धरला.

“आईकडून चोरी केलीस,” मामा म्हणाले. “हे अंबुयांनीच मिटवायला हवं. बुहेराला, त्यांच्या गावी जा. दोन्ही तुकडे घे, त्यांच्या हातात दे आणि जे केलंस ते स्वतःच्या तोंडानं सांग. बाप येणार नाही, आम्ही येणार नाही. एकटा जायचं. आणि हो,” ते मायनिनीकडं वळले, “तू माय पनाशेकडं जा. तीही एकटी.”

मायनिनीनं मान खाली घातली.

“दुसरा तुकडा काढून देतो,” बाबा म्हणाले आणि परत पक्कड उचलली.

“नाही,” मी म्हणालो. “मी दार घेऊन जातो. अख्खं.”

“बुहेराला?” माटोपे म्हणाला. “बसमधून? दार? अरे, म्हातारीच्या घराला दार आहे, तिला दुसरं कशाला?”

“अंबुयांना बघू दे. त्यांना काढायचा असेल तर त्यांनी काढावा. त्यांची मुलगी आहे.”

मामांनी बाबांकडं पाहिलं. बाबांची पक्कड खाली गेली.

तेवढ्यात मायनिनी दाराजवळ गेली होती. नाक पुसत, अगदी जवळ. तिनं डाव्या खांद्यावर बोट ठेवलं. “हा चुकलाय,” ती म्हणाली. “डावा खाली होता तिचा. बादलीनं. दोन बोटं खाली.”

“दोन?” बाबा म्हणाले.

“दोन.”

बाबा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आणि मग त्यांनी तिला विचारलं. माझ्या समोर, मामांच्या समोर, लाज न बाळगता.

“माझ्याकडे तिचं तोंड नाही राहिलं. ती वळायची तेव्हा कशी दिसायची? हाक मारल्यावर. एकदम, तयारी नसताना. तू सांग.”

मायनिनीनं तोंड उघडलं. मिटलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत असल्यासारखं आलं, आणि मग घाबरल्यासारखं.

“मला नका विचारू,” ती म्हणाली. “मी बारा वर्षांनी धाकटी. आई शेतावर, मी दिवसभर हिच्या पाठीवर बांधलेली. तिथंच झोपले, तिथंच दात आले मला. मान आठवते. कानामागचा तीळ आठवतो. घामाचा वास आठवतो.” ती रडायला लागली. “तोंड विचारलंत तर मला फोटोच दिसतो. मलाही फोटोच दिसतो हो!”

आणि बाबांनी, आमच्यात कधीच चालत नाही, पण बाबांनी मेहुणीच्या खांद्यावर हात ठेवला. माटोपेनं थट्टा करायला तोंड उघडलं आणि आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच मिटलं.

“अंबुयांना आठवत असेल,” मायनिनी डोळे पुसत म्हणाली. “तिच्याकडे ती तोंड करूनच असायची. भांडायला.”

आज सोमवार. मी हरारेत, म्बारेच्या बसतळावर आहे, बुहेराच्या बसजवळ. बस भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ती सकाळी सहापासून भरतेय. म्हणून बाबांच्या मीटरच्या वहीत हे लिहीत बसलोय, मागच्या कोऱ्या पानांवर. दार टपावर चढवलंय. कंडक्टर म्हणाला, कपाट कुठंय याचं? मी म्हणालो, तुझ्या घरी, बघ. भांडण झालं. मग माटोपे, जो दार चढवायला इथपर्यंत आला होता, त्याला म्हणाला, “बाळा, नीट बांध, वर बाई बसलीय.” कंडक्टरनं वर जाऊन पाहिलं. दोरीचा अजून एक वेढा देऊनच खाली आला.

दोन मिठाच्या पिशव्या आणि एक जिवंत कोंबडी अंबुयांसाठी. रुमालाचा अर्धा तुकडा शर्टाच्या आत. काय बोलायचं ते मी शंभरदा पाठ केलंय आणि शंभर वेळा शेवटी भडकतोच. ती म्हातारी आईपेक्षा तिखट आहे. कदाचित मला बघताच काठी घेईल. कदाचित दार बघितलं की रुमाल ओढून काढेल, तारांसकट, आणि तो तिचा हक्क आहे, मला थांबवता येणार नाही. बाबांना हे माहीत आहे. निघताना त्यांनी दाराला हात लावला नाही. मला हातात एक पेन्सिल दिली आणि म्हणाले, “आधी माफी माग. सगळं ऐकून घे. उलट बोलू नकोस. आणि मग विचार. ती हाक मारल्यावर वळायची तेव्हा आधी डोळे यायचे की आधी हनुवटी. भुवया वर जायच्या का. चिडलेली दिसायची की नाही. जे सांगेल ते लिही, जसं सांगेल तसं.”

“आणि तिलाही नसेल आठवत तर?”

बाबा फाटकापाशी उभे राहिले आणि पहिल्यांदाच जमिनीकडं न बघता माझ्याकडं बघत राहिले, मी वळणापर्यंत जाईपर्यंत. मी वळून बघितलं म्हणून मला माहीत.

बघितलं तेव्हा मी कसा दिसलो असेन, कोण जाणे.

आता कंडक्टर माझ्या नावानं ओरडतोय, बस भरली, इंजिन सुरू झालं, मला निघायला हवं